आधी तीन लॅब, मग गाइड

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्याचा गाइड तो लॅबमध्ये पाऊल टाकण्याआधीच ठरलेला असतो. पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेट पास व्हायचं, विभागात कुणाकडे जागा रिकाम्या आहेत ते शोधायचं, चार प्राध्यापकांना मेल टाकायचे, एखाद्याचं ‘या, भेटू’ असं उत्तर आलं की त्याच्या विषयाला साजेसा प्रस्ताव लिहायचा आणि मुलाखतीला बसायचं. मुलाखत पंधरा-वीस मिनिटांची. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही याहून जास्त चौकशी होते. पुढची पाच-सहा वर्षं मग त्या माणसाबरोबर, त्याच्या फ्रीजरमधल्या नमुन्यांबरोबर आणि त्याच्या स्वभावाबरोबर काढायची.

ही पद्धत बदलायला हवी. निदान मॉलिक्युलर, सेल आणि डेव्हलपमेंटल बायोलॉजीत तरी पहिल्या वर्षी तीन लॅबमध्ये प्रत्येकी आठ आठवडे काम करावं आणि त्यानंतरच गाइड ठरावा. याला रोटेशन म्हणतात आणि त्यात नवं काही नाही. अमेरिकेत या विषयांच्या पीएचडीत पहिल्या वर्षी साधारण तीन रोटेशन असतात, ब्रिटनमधल्या वेलकम ट्रस्टच्या चार वर्षांच्या पीएचडी कार्यक्रमांतही तीच रीत रुळली. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीत किंवा पुण्याच्या आयसरमध्ये इंटिग्रेटेड पीएचडीची मुलं आधी वेगवेगळ्या लॅब फिरून बघतात. राज्य विद्यापीठांत मात्र हा शब्द काढला की ‘आपल्याकडे ते जमणार नाही’ हे उत्तर तयार असतं. ते का जमत नाही, याची कारणं खरी आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. आधी या विषयांनाच रोटेशनची एवढी गरज का, ते पाहू.

इथला प्रश्न कागदावर सुटत नाही, तो जिवंत प्राण्याच्या वेळापत्रकावर सुटतो. सीएसआयआर-नेटच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरात तीन तासांत १४५ पैकी ७५ प्रश्न सोडवायचे असतात. त्यातून वाचन कळतं, तर्क कळतो. पण माशीच्या लॅबमध्ये रोज सकाळी आणि संध्याकाळी बाटल्या रिकाम्या करायला हा माणूस येईल का, हे त्यातून कळत नाही आणि त्यालाही ते आधी माहीत नसतं. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये हे शिकता आलं असतं, पण बऱ्याच कॉलेजांत पाच-सहा जणांत डीएनए तपासायचा एक जेल असतो, किट तयार असतं, उत्तरही ठरलेलं असतं. स्वतःचा म्हणावा असा फसलेला प्रयोग बहुतेकांच्या वाट्याला पीएचडीपर्यंत आलेलाच नसतो.

आठ आठवडेच का? कारण बहुतेक लॅबमध्ये एवढ्या वेळात एक छोटा प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेता येतो, मात्र तो प्रश्न प्राण्याच्या घड्याळाच्या मापाने कापलेला हवा. फळमाशीची एक पिढी २५ अंशांवर साधारण दहा दिवसांत होते. म्हणजे ५६ दिवसांत कागदावर पाच पिढ्या, प्रत्यक्षात नवख्याच्या हातून तीन क्रॉस, म्हणजे ठरावीक नर-मादीच्या जोड्या लावणं. त्यातला पहिला बहुधा वाया जाणार. माद्या कुमारी असायला हव्यात, २५ अंशांवर बाहेर आल्यापासून आठेक तासांच्या आत त्या वेगळ्या करायच्या असतात. एक जरी चुकीची मादी बाटलीत गेली तरी अख्खा क्रॉस बिघडतो आणि ते कळायला आणखी दहा दिवस जातात. दुसरी गंमत तापमानाची. घाई नको म्हणून बाटली १८ अंशांवर ठेवली, तर कुरळ्या पंखांची खूण असलेल्या बॅलन्सर (म्हणजे ओळखीची खूण असलेलं गुणसूत्र बाळगणाऱ्या) माशांचेही पंख कमी तापमानात सरळ दिसू शकतात. नवखा सरळ पंख बघून माशी उचलतो आणि भलताच जीनोटाइप (जनुकांचा संच) पुढे नेतो. ही चूक पुस्तकात वाचून टळत नाही. शेजारच्या बाकावरच्या ताईने एकदा माशी चिमट्यात धरून दाखवली की मग आयुष्यभर होत नाही.

झेब्राफिशचं गणित वेगळं. पिल्लाचा प्रौढ व्हायला तीनेक महिने लागतात, त्यामुळे नवी ट्रान्सजेनिक लाइन (बाहेरचं जनुक घातलेल्या माशांचा वंश) बनवायचं काम रोटेशनला देणं म्हणजे फसवणूक. पण त्याच माशाचा गर्भ २८.५ अंशांवर एका दिवसात डोकं-शेपटी दिसण्याइतका वाढतो. सकाळी दिवे लागल्यावर अंडी पडतात आणि पहिलं विभाजन साधारण ४५ मिनिटांत होतं. तेवढ्या वेळात जमतील तितक्या अंड्यांना इंजेक्शन द्यायचं. हात स्थिर आहे का, सुईचं टोक तुटलं तर धीर सुटतो का, हे एका सकाळीत समजतं. उंदरांच्या लॅबमध्ये उलट. २० दिवसांची गर्भावस्था, तीन आठवडे आईजवळ, मग सहा-आठ आठवड्यांनी पिल्लं वयात येणार, शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांची मंजुरी. तिथे रोटेशनवाल्याला आधीच साठवलेल्या टिश्यूचे काप, त्यांचं स्टेनिंग आणि मोजणी एवढंच द्यावं. जी लॅब आठ आठवड्यांत ‘नवा नॉकआउट उंदीर’ (एखादं जनुक बंद केलेला) द्यायचं कबूल करते, तिथल्या गाइडला एकतर उंदीर कळत नाही किंवा फुकटचा हात हवा आहे.

आपल्याकडे रोटेशनसाठी सगळ्यात सोयीचा प्राणी म्हणजे कोंबडीचा गर्भ. फलित अंडी हॅचरीतून येतात, स्वस्त असतात, आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात भ्रूणशास्त्रज्ञ लीला मुल्हेरकरांच्या काळापासून या कामाची परंपरा आहे. समजा एखाद्या जनुकाचा परिणाम मज्जारज्जूवर बघायचा आहे. अंडी ३८ अंशांवर आडवी ठेवून ३६ ते ४० तास उबवायची, म्हणजे गर्भ हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या (कोंबडीच्या गर्भवाढीचे टप्पे मोजायच्या) यादीतल्या दहाव्या-अकराव्या टप्प्यावर येतो. सुईने दोन-तीन मिली पांढरा बलक काढून घ्यायचा म्हणजे गर्भ कवचापासून खाली सरकतो, मग वर छोटी खिडकी कापायची. प्लाझ्मिड (ते जनुक आणि हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारं डीएनएचं कडं) साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, त्यात दिसण्यापुरता फास्ट ग्रीन हा रंग. न्यूरल ट्यूबच्या (जिच्यापासून मज्जारज्जू होतो त्या नळीच्या) पोकळीत तो भरायचा, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड ठेवून २० व्होल्टच्या आसपास ५० मिलिसेकंदांचे पाच झटके द्यायचे, टेप लावून अंडं परत आत. दुसऱ्या दिवशी एका बाजूला हिरवी चमक दिसली पाहिजे. दुसरी बाजू आपोआप कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, होते, हे या पद्धतीचं मोठं सुख.

आता बिघडतं कुठे ते पाहा. अंडी १३ ते १५ अंशांवर साठवली नाहीत तर पुण्याच्या एप्रिलमध्ये गर्भ कपाटातच वाढू लागतो आणि ३८ तासांनी एक अंडं नवव्या टप्प्यावर, दुसरं तेराव्यावर सापडतं. बलक काढताना सुई पिवळ्या भागाला लागली की ते अंडं संपलं. इलेक्ट्रोड रक्तवाहिनीला टेकला किंवा व्होल्टेज जास्त झालं की हृदय थांबतं. टेप नीट चिकटली नाही तर गर्भ सुकतो. पहिल्या डझनात निम्मी अंडी हातची गेली तरी ते वाईट नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. मेलेल्या सहा अंड्यांची नोंद वहीत कोण करतं? आणि सोमवारच्या लॅब मीटिंगमध्ये त्या नोंदीवर गाइड काय बोलतो?

रोटेशनचा सगळा अर्क मला या दोन प्रश्नांत दिसतो. लोक म्हणतात रोटेशन म्हणजे तंत्र शिकणं. तंत्र नंतरही शिकता येतं. आठ आठवड्यांत विद्यार्थ्याला जे दिसतं ते मुलाखतीत कधीच दिसणार नाही. प्रयोग फसला की इथे चर्चा होते की आवाज चढतो. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) टेम्प्लेट, म्हणजे मूळ डीएनए, न घातलेल्या नळीतही बँड आला तर जेलचा तेवढा कोपरा कापून फोटो काढतात की प्रायमर, पाणी, एन्झाइम एकेक बदलून दोष शोधतात. नव्या सेल लाइनची (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींची) मायकोप्लाझ्मा या लपून राहणाऱ्या जीवाणूसाठी चाचणी होते की ‘आमच्याकडे कधी झालाच नाही’ म्हणून सोडून देतात. उणे ८० च्या फ्रीजरची यादी आहे का, की पाच वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीच्या अक्षरातल्या पुसट नळ्या तशाच पडून आहेत. सीनियर मुलं कितव्या वर्षाला आहेत आणि पेपरवर पहिलं नाव कसं ठरतं. सहाव्या वर्षी बिनपगारी बसलेला मुलगा लॅबमध्ये असेल तर तो पहिल्या आठवड्यातच चहाच्या टपरीवर सगळं सांगतो.

ही माहिती आजही उपलब्ध असते, पण कॉरिडॉरमध्ये. कुणाकडे जावं, कुणाकडे चुकूनही जाऊ नये, हे पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजातून आलेल्या मुलीला सीनियरकडून एका फोनवर कळतं. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून, घरातला पहिलाच पदवीधर म्हणून आलेल्या मुलाला तो फोन कुणाला लावायचा हेच माहीत नसतं. त्याच्या हातात विभागाची यादी आणि रिकाम्या जागांचा आकडा. मग जिथे जागा असते तिथे तो जातो, आणि काही लॅबमध्ये जागा वर्षानुवर्षं का रिकामी असते हे त्याला दुसऱ्या वर्षी उमगतं. तोवर उशीर झालेला असतो. गाइड बदलायचा तर बहुतेक ठिकाणी जुन्या गाइडची ना हरकत लागते, समितीची मंजुरी लागते, विषय बदलतो, आधीचा डेटा मागे राहतो. दोन वर्षांवर पाणी सोडायची ज्याची ऐपत नसते तो गप्प बसतो. रोटेशनमुळे वाईट गाइड सुधारतील अशी भाबडी आशा मला नाही. पण त्यांची माहिती सगळ्यांना सारख्याच वेळी मिळेल, एवढं नक्की.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप वेळेचा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) दोन वर्षं आणि एसआरएफ (वरिष्ठ) तीन, मिळून पाच वर्षांची फेलोशिप. जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० आणि ४२,००० झाली, पण मुदत तेवढीच राहिली. प्रायोगिक जीवशास्त्राची पीएचडी पाच वर्षांत क्वचितच आटोपते आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी सर्वसाधारण मुदत सहा वर्षं ठेवली आहे. अशा वेळी सहा महिने ‘फिरण्यात’ घालवायचे कसे? याचं उत्तर असं की ते सहा महिने आजही लॅबमध्ये जात नाहीत. किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क सगळ्यांना करावाच लागतो. त्यात संशोधन-नीतीचा विषय बंधनकारक, बाकीचे तास बहुतेक ठिकाणी पीपीटी वाचून दाखवण्यात जातात. यातली चार क्रेडिट रोटेशनला द्या. ऑगस्टमध्ये प्रवेश झाला तर दिवाळीची सुट्टी धरूनही जानेवारीअखेर तिन्ही लॅब होतात.

दुसरी अडचण कागदाची आहे आणि ती मोठ्या धोरणकर्त्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे फेलोशिपचं घड्याळ बहुतेकदा नोंदणीच्या तारखेला जोडलेलं असतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपचे पैसे नोंदणीपासून धरायचे की निवडीपासून, यावर विद्यार्थ्यांनी आंदोलनं केली आहेत. अशा परिस्थितीत गाइड ठरल्यावरच नोंदणी करू असं कुणी म्हटलं तर रोटेशनचे सहा महिने थेट मुलांच्या खिशातून जातील. म्हणून पीएचडीची नोंदणी पहिल्याच दिवशी व्हावी, विभागाच्या नावाने. गाइडच्या रकान्यात विभागप्रमुख किंवा समितीतला एक सदस्य तात्पुरता मार्गदर्शक, आणि विषयाच्या रकान्यात नुसतं क्षेत्र. सहाव्या महिन्यात कायम गाइड आणि विषय. सल्लागार समितीची पहिली बैठक तोवर तात्पुरत्या मार्गदर्शकाने घ्यावी. मुळात यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनीही गाइड कोण हे ठरवायचं काम संस्थेवरच सोडलं होतं. म्हणजे अडथळा दिल्लीच्या नियमापेक्षा आपल्या छापील अर्जाचा जास्त आहे.

तिसरा आक्षेप प्राध्यापकांचा, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर रास्त. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. लॅबमध्ये पोस्टडॉक नाही, टेक्निशियनची जागा रिकामी. नव्या पोराला दोन महिने पिपेट धरायला शिकवायचं, चाळीस हजारांच्या अँटिबॉडीतले मायक्रोलिटर त्याच्या चुकांवर घालवायचे आणि मग त्याने शेजारच्या लॅबची निवड करायची, हे कोण हौसेने करील? म्हणून रोटेशनचे पैसे लॅबला मिळालेच पाहिजेत. दर विद्यार्थी, दर रोटेशन पंचवीस हजार रुपये कन्झ्युमेबलसाठी, विद्यापीठाच्या निधीतून, खर्चाचा हिशेब एका पानात. आणि प्रकल्प फ्रीजरमध्ये आहे त्यावरच आखायचा. बाहेरून मागवलेली अँटिबॉडी यायला रोटेशनचे आठ आठवडे सहज जातात, त्यात तीन कोटेशन आणि खरेदी समिती आली की संपलंच. ज्या रोटेशनची सुरुवात इंडेंट (खरेदीची मागणी) भरण्याने होते, त्याचा शेवटही इंडेंटच्या चौकशीनेच होतो.

रोटेशनच्या शेवटी गुण देऊ नयेत. गुण आले की मुलं सैल गाइड शोधतात आणि गाइड गुणांची लालूच दाखवून हात मिळवतात. चार पानी अहवाल, त्यात कच्चा डेटा आणि प्रत्येक प्रयोगाचे कंट्रोल, विभागासमोर दहा मिनिटांचं सादरीकरण, आणि शेरा फक्त समाधानकारक किंवा असमाधानकारक. मग विद्यार्थ्याने पसंतीक्रम द्यावा, गाइडनेही द्यावा, आणि समितीने प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ या जागांच्या मर्यादेत जुळवणी करावी. तिसरी लॅब मात्र विद्यार्थ्याने अर्जात लिहिलेल्या विषयाबाहेरची असावी, ही अट मी आग्रहाने घालीन. कॅन्सर आणि स्टेम सेल सगळ्यांनाच हवं असतं, कारण बीएस्सीपासून तेच ऐकलेलं असतं. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा प्राण्याचं कापलेलं डोकं तीन-चार दिवसांत परत कसं येतं, हा प्रश्न किती खोल आहे हे तो प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली बघेपर्यंत कुणाच्या मनातही येत नाही. ओस पडलेल्या चांगल्या लॅबना विद्यार्थी मिळायचा हाच रस्ता आहे.

प्रोजेक्टवर नेमलेल्या जेआरएफना मात्र ही योजना लागू होणार नाही. त्यांचा पगारच एका गाइडच्या एका प्रकल्पातून येतो, प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा, आणि तो संपल्यावर काय, हा वेगळाच दुखरा विषय. त्यांना रोटेशनमध्ये ओढून उगीच गोंधळ करू नये.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की तिथलं सगळं गोड आहे असा समज होतो, तोही खोडायला हवा. तिथे पहिल्या वर्षाचं मानधन सहसा विभाग देतो, पण नंतरचं बहुतांशी गाइडच्या अनुदानावर चालतं. त्यामुळे रोटेशन उत्तम झालं तरी ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ असं ऐकून चौथी लॅब शोधणारे विद्यार्थी असतात. २०२५ मध्ये एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या निधीवर गदा आली तेव्हा तिथल्या काही विद्यापीठांनी जीवशास्त्राच्या पीएचडीचे प्रवेश कमी केले, काहींनी तर दिलेले प्रवेश मागे घेतले. आपल्याकडे नेट-जेआरएफ झालेल्या विद्यार्थ्याची फेलोशिप त्याच्या स्वतःच्या नावावर असते, गाइडच्या नाही. म्हणजे रोटेशनला लागणारी सगळ्यात अवघड गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे. पैसा विद्यार्थ्यामागे चालतो आणि तरीही विद्यार्थी पहिल्या दिवशी बांधला जातो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

सुरुवात पुण्यात करावी, कारण तिथे निमित्त सांगायला जागा नाही. एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) विद्यापीठाच्या आवारातच आहे आणि देशभरात सेल लाइन पुरवण्याचं काम करते. पाषाणला आयसर आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था. सगळं सात-आठ किलोमीटरच्या आत. एका विद्यार्थ्याने पहिले आठ आठवडे विद्यापीठात कोंबडीचा गर्भ, पुढचे आठ एनसीसीएसमध्ये सेल कल्चर आणि शेवटचे आघारकरमध्ये हायड्रा असं करायला सामंजस्य करारावर सह्या, विमा, ओळखपत्र आणि जैवसुरक्षेचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण एवढंच लागतं. मुंबईत अंतराची अडचण आहे. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतून खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्राला, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकला रोज जाणं शक्य नाही, तिथे एका रोटेशनपुरती हॉस्टेलची खोली द्यावी लागेल. कोल्हापूर, नांदेड, जळगावच्या विभागांत तीन लॅब मिळणंच कठीण. तिथे दोन रोटेशन आपल्याच विभागात आणि एक बाहेर, पुण्यात किंवा मुंबईत, हा आकृतिबंध पुरे. त्या आठ आठवड्यांचा घरभाडे भत्ता ज्या शहरात विद्यार्थी राहतो त्या शहराच्या दराने मिळायला हवा. नाहीतर कोल्हापूरच्या दराने औंधमध्ये खोली शोधायला लावणं म्हणजे योजना कागदावरच ठेवणं.

तिन्ही लॅबमध्ये जुळलं नाही तर काय, हेही आधीच लिहून ठेवायला लागेल. चौथ्या लॅबमध्ये चार आठवड्यांची एक संधी, तिथेही नाही जमलं तर बाहेर पडायची मोकळीक, आणि तोवरच्या कोर्सवर्कचं प्रमाणपत्र. एमफिल २०२२ च्या नियमांनी बंद झाली, त्यामुळे मधल्या मुक्कामाला उतरायची पूर्वीची सोय उरलेली नाही. सहाव्या महिन्यात बाहेर पडलेला विद्यार्थी त्याच वर्षी दुसऱ्या संस्थेची मुलाखत देऊ शकला पाहिजे आणि त्याच्या फेलोशिपची उरलेली साडेचार वर्षं त्याच्याबरोबर गेली पाहिजेत. यासाठी विभागाने त्याला ‘सोडून गेला’ असा शेरा न देता फक्त पूर्ण केलेल्या रोटेशनच्या तारखा आणि लॅबची नावं लिहून द्यावीत.